अलिबागला जाताय? आधी भरतीची वेळ बघा, या चुका टाळा

अलिबागची सहल फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. व्हिला, कॅफे, बोटीची तिकिटं सगळं आधीपासून ठरलेलं असतं, पण त्या दिवशी भरती किती वाजता आहे हे कुणीच बघितलेलं नसतं. मग लोक दुपारी बारा वाजता किनाऱ्यावर उभे, समोर समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याची वाट पाण्याखाली, आणि संध्याकाळच्या बोटीची घाई.

कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. त्याची वेळ काढायला ॲपसुद्धा लागत नाही, कालनिर्णय पुरे. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब असा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, भरती पहाटे तीन वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी साधारण सव्वानऊ. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हींना पंधरा धरायचे.

आता खरी मेख. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून जेवणाआधी किल्ला उरकू असा बेत बरेच जण आखतात. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, त्यामुळे वाट नीट उघडी पडत नाही आणि गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासच्या दिवसांत समुद्र लांब मागे जातो. म्हणून माझ्या मते पौर्णिमा-अमावस्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी सर्वांत चांगली, तेव्हा ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान मिळते. संध्याकाळीच जायचं असेल तर त्रयोदशी बघा, ओहोटी दुपारी चारच्या सुमारास असते.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात परत या. आत गणपती पंचायतनाचं मंदिर आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याची सोय आहे, आंग्र्यांच्या आरमाराचा सगळा दबदबा इथूनच होता. पाय निघत नाही हे खरं. तरी किनारा आणि किल्ला यांच्यामध्ये पाणी भरू लागलेलं दिसलं तर त्यात उतरू नका. कमरेएवढं वाटणारं पाणी ओढ घेतं. आतच थांबा, होडी मिळते का ते विचारा, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट बघा. जाताना टांगेवाल्याला किंवा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला परतायची शेवटची वेळ विचारून ठेवली, की ही पाळी येतच नाही.

गाडी वाळूत उतरवणं ही तर निव्वळ हौसेची चूक. नागाव असो की काशीद, ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक फिरलं की रुतते, आणि भरती थांबत नाही.

जेवणाचंही गणित समुद्राच्याच हातात आहे. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी ताजं पापलेट म्हणून पुढे ठेवलं, तर ते बहुधा बर्फातलं. पावसाळ्यात खाडीची मासळी मागा: चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी, आणि मिळालाच तर जिताडा. रायगडात पाहुण्याला जिताडा वाढणं म्हणजे मोठा मान समजतात, आणि तरी पर्यटक मेनूकार्डावर सुरमईच शोधत बसतात याचं मला वाईट वाटतं. खानावळीत शिरल्यावर कार्ड बाजूला ठेवून एवढंच विचारा, “मावशी, आज ताजं काय आलंय?” खरं उत्तर मिळतं. पापलेट तळायच्या आधी बघायला मागा, यात संकोच नको. कल्ल्याजवळ दाबल्यावर पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. भाव आकारावर ठरतो, तो ऑर्डर देतानाच विचारा. बिल आल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

चांगल्या घरगुती खानावळीत शनिवार-रविवारी अडीचनंतर मासे उरत नाहीत. उशीर झालाच तर बांगडा किंवा मांदेली, तांदळाची भाकरी आणि सोलकढी घ्या, जेवण उत्तम होईल. मोठ्या रेस्टॉरंटला मात्र सुट्टीच्या दिवशी टेबल आधी सांगून ठेवावंच लागतं.

मुंबईची बोट लागते त्या मांडव्याहून अलिबागकडे येताना लोक सासवण्यावरून सरळ पुढे निघून जातात. शिल्पकार वि. पां. करमरकरांचं घर तिथे संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. अंगणातली म्हैस इतकी जिवंत, की हात लावून बघावासा वाटतो. तसंच अलिबागजवळचं अक्षी गाव. तिथला शके ९३४ चा शिलालेख काही अभ्यासक मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख मानतात. किनाऱ्याआधी तिथे दहा मिनिटं थांबा.

कुलाबा आणि जंजिरा एका दिवसात बसवू नका. मुरुडचा रस्ता वळणांचा आहे, होड्या राजपुरीहून सुटतात, आणि पावसाळ्यात त्या बंद असतात.

पांढरा कांदा घ्यायचा तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला. भातानंतर लावलेलं पीक तेव्हा निघतं, वेणीसारखी गुंफलेली माळ असते. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून भलताच कांदा त्याच नावाने विकणारेही वाढले. शक्यतो अलिबाग तालुक्यातल्याच कार्ले-खंडाळ्याच्या (लोणावळ्याजवळच्या नव्हे) शेतकऱ्याकडूनच घ्या.

परतीची बोट रविवारी संध्याकाळसाठी आधीच पक्की करा. अलिबागहून मांडव्याची बस बोटीच्या बऱ्याच आधी सुटते, तिकिटावरची वेळ बोटीची असते, बसची नव्हे. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) चालू आहे का ते फोन करून विचारा, कारण हवा बिघडली तर तीही रद्द होते. तसं झालंच तर मांडव्यावर ताटकळण्यापेक्षा सरळ अलिबाग एसटी स्टँड गाठा आणि वडखळ-पेण मार्गे पनवेलची गाडी पकडा.