इंजिन बांधताना पिस्टन-बोअरचं माप, तेपण सोलापूरच्या उन्हाळ्यात

नव्या पिस्टनच्या बॉक्सवर 0.50 ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा 0.50 मिमी मोठा) छापलंय म्हणून त्या आकड्यावर इंजिनचा ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे बोअर (ज्या भोकात पिस्टन चालतो तो) मोठा करायला, टाकू नका. आधी पिस्टन हातात येऊ द्या, चारही मोजा, पेनाने नंबर टाका, आणि ज्याचा बोअर त्याच्याच पिस्टनवर काढायला सांगा.

पिस्टन दिसतो गोल पण असतो ओव्हल, पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी दांडी) दिशेने मायक्रोमीटर लावला तर माप कमीच येणार. पिनच्या काटकोनात, स्कर्टवर (पिस्टनचा खालचा भाग) मोजायचं, खालून किती मिलिमीटरवर ते पिस्टन कंपनीच्या कागदावर असतं. व्हर्नियर या कामाला नको. मायक्रोमीटरचा झिरोपण आधी चेक करा.

आता आपल्याकडची खरी भानगड म्हणजे ऊन. मापं 20 डिग्रीची धरलेली असतात, आणि इथं मे महिन्यात पारा 40 च्या वर. ॲल्युमिनियम बिडाच्या (कास्ट आयर्न) साधारण दुप्पट फुगतं, म्हणजे 80 मिमीचा पिस्टन 20 डिग्री तापला की जवळपास 0.037 मिमी वाढतो आणि बिडाचा बोअर 0.018 च्या आसपास, आणि क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) बऱ्याच इंजिनांत असतो मुळात 0.03 ते 0.05! मी एकदा भर दुपारी स्कूटरच्या डिकीतून आणलेला पिस्टन तसाच मोजून दिला, ब्लॉक सावलीत गार, बोअर मोठा निघाला आणि गाडी रोज सकाळी स्टार्टिंगला टकटक करायची. चूक माझीच होती म्हणा. तेव्हापासून पिस्टन, ब्लॉक, मायक्रोमीटर सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवतो आणि पहाटे गारव्यात मोजतो, एसीची खोली असेल तर अजून बेस्ट.

बोअर गेजची (बोअरचं आतलं माप घेणारं डायल गेज) सोपी आयडिया सांगतो, पिस्टनच्या मापात क्लिअरन्स मिळवून मायक्रोमीटर तिथं लॉक करा आणि गेज त्यातच झिरो करा, मग गेज हलवत सगळ्यात कमी रीडिंग बघायचं, झिरो आलं की झालं. वर-मधे-खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या लाइनीत एकदा, आडवं एकदा, अशी सहा रीडिंगं. जुना बोअर वरच्या रिंगजवळ जास्त झिजतो, त्यामुळे फक्त खाली मोजून "चालतंय की" म्हणू नका.

होनिंगपुरतं (बोअरला आतून शेवटचं बारीक घासणं) थोडं मटेरियल शिल्लक ठेवायला सांगा आणि फायनल माप होनिंगनंतर, ब्लॉक गार झाल्यावरच घ्या. मग साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा, लगेच ऑइल लावा. पुसायला टॉवेल नको हां, सोलापुरी असला तरी, तंतू राहतात.