मनोविश्लेषणाच्या आधारे शिल्प आणि चित्र कसे पाहावे: आबे फारियांच्या पुतळ्यापासून सुरुवात

चित्राला किंवा शिल्पाला मनोविश्लेषण लावायचे म्हणजे ते घडवणाऱ्याच्या मनातील विकार शोधून काढायचा, असा समज आपल्याकडील कलाविषयक लेखनात खोल रुजलेला आहे. या समजामुळे त्या पद्धतीतला सर्वांत उपयोगी भाग बाजूला पडतो. समोरच्या वस्तूकडे आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या स्वतःकडे चिकाटीने पाहण्याची शिस्त हा तो भाग होय, आणि पुढील मार्गदर्शन तिच्याविषयीच आहे. गोव्यातील वाचकाला तिच्या सरावासाठी लांब जावे लागत नाही. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या म्हणजे आदिलशाही राजवाड्याच्या शेजारी, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, संमोहनाचे प्रयोग करणारे गोमंतकीय पाद्री आबे फारिया यांचा ब्राँझचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. तो निवडण्यामागे दोन कारणे आहेत: एक तर शिल्प म्हणून तो पाहणाऱ्याला स्वस्थ राहू देत नाही, आणि दुसरे असे की कांदोळीत १७५६ साली जन्मलेले फारिया स्वतःच मनोविश्लेषणाच्या पूर्वेतिहासातील एक महत्त्वाचे पुरुष आहेत.

जाण्यापूर्वी काहीही वाचू नये. पुतळ्याविषयी जे आधीच ठाऊक असेल ते वहीच्या एका पानावर लिहून काढावे, म्हणजे पुढे आपण खरोखर काय पाहिले आणि ऐकीव माहितीवर काय पाहिल्यासारखे वाटले, हे वेगळे करता येईल. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावे. भर उन्हात गडद धातूवरील बारकावे डोळ्यांत भरत नाहीत. फोटो शेवटी काढावा, कारण फोटो हाती आला की नजर सैल पडते. त्याऐवजी पेन्सिलीने रेखाटन करावे, ते ओबडधोबड झाले तरी चालेल. हात चित्राचा नसलेल्या माणसालाही रेखाटताना बोटे मोजावीच लागतात आणि कोपर कुठे वळले आहे हे ठरवावेच लागते, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके हेच.

हे आग्रहाने सांगण्याचे कारण असे की मनोविश्लेषणाचे जनक खुद्द सिग्मंड फ्रॉइड यांनी कलाकृतीवर केलेल्या लेखनातील सर्वांत टिकाऊ लेख याच मार्गाने तयार झाला. रोममधील सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला, बायबलमधील प्रेषित मोझेसचा पुतळा आहे. रोमच्या मुक्कामांत फ्रॉइड त्याच्यासमोर पुनःपुन्हा जाऊन उभे राहिले, त्यांनी त्याची मापे घेतली, रेखाटने केली आणि १९१४ साली ‘इमागो’ या नियतकालिकात निनावी लेख प्रसिद्ध केला. संतापलेला मोझेस आता उठून धर्माज्ञांच्या शिळा फोडणार, असा त्या शिल्पाचा अर्थ अनेकांनी लावला होता. फ्रॉइड यांनी मात्र उजव्या हाताचे बोट दाढीच्या डाव्या बाजूच्या बटांवर का दाबले गेले आहे आणि शिळा उलट्या होऊन एका कोपऱ्यावर का टेकल्या आहेत, एवढेच विचारले. या दोन तपशिलांवरून ते अशा निष्कर्षाला आले की उठण्याची हालचाल होऊन गेली आहे, निसटू लागलेल्या शिळा सावरण्यासाठी हात मागे आला आहे, आणि आपल्याला दिसतो आहे तो राग आवरलेला माणूस. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. तो मान्य केलाच पाहिजे असे नाही. पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. कानाची पाळी आणि नखे यांसारख्या, कलावंत सवयीने रंगवून मोकळा होतो अशा भागांवरून चित्राचा कर्ता ओळखणाऱ्या जिओव्हान्नी मोरेल्ली या इटालियन जाणकाराचा उल्लेख फ्रॉइड यांनी याच लेखात केला आहे आणि त्याची रीत मनोविश्लेषणाच्या रीतीशी जवळची असल्याचे म्हटले आहे.

आता हीच रीत फारियांच्या पुतळ्याला लावावी. पुढे झेपावल्यासारखा पुरुष, त्याचे पसरलेले हात आणि त्यांच्या पुढ्यात कोसळत असलेली स्त्री, एवढे दुरूनही दिसते. जवळ गेल्यावर वहीत प्रश्न मांडावेत. हात स्त्रीच्या शरीरापासून किती अंतरावर थांबले आहेत? दोन्ही हातांची बोटे सारखीच ताणलेली आहेत की त्यांत फरक आहे? पुरुषाच्या शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, आणि तो पाय पुढे येतो आहे की मागे रोवलेला आहे? स्त्रीचे शरीर सैल पडले आहे की त्याचा काही भाग अजून सावध आहे? त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर पडते की आणखी कुठे? पुतळ्याभोवती जिथवर फिरता येईल तिथवर फिरावे, कारण समोरून जे आक्रमण वाटते ते बाजूने आधार दिल्यासारखे वाटू शकते. शेवटी मोझेससाठी विचारलेला प्रश्न विचारावा: या क्षणाच्या अगदी आधीचा क्षण कोणता होता आणि नंतरचा कोणता असेल? तिन्ही क्षणांची तीन छोटी रेखाटने करावीत. फ्रॉइड यांनीही मोझेसच्या क्रमाने बदललेल्या स्थिती एका चित्रकाराकडून काढून घेतल्या होत्या.

यानंतर वहीचे पान उलटून स्वतःकडे वळावे. मनोविश्लेषणात रुग्णाला मनात येईल ते न निवडता, न लाजता बोलायला सांगतात. त्याला मुक्त साहचर्य म्हणतात. पुतळ्याकडे पाहत पंधरा मिनिटे हेच लेखणीने करावे. भीती वाटली तर भीती लिहावी, हसू आले तर हसू. हा पुरुष त्या बाईचा जीव घेतो आहे की काय, असे पहिल्यांदा पाहणाऱ्या अनेकांना वाटते. ते चुकीचे म्हणून पुसून टाकू नये, कारण अर्थ लावण्याची सामग्री तीच आहे. आजोळच्या अंगणातला घाडी, दृष्ट काढणारी आजी, वर्गातले कडक सर, आशीर्वादाला हात उचललेले पाद्री, जे आठवेल ते येऊ द्यावे. नंतर शांतपणे वाचताना दोन गोष्टी तपासाव्यात. अनेक माणसे एकाच आकृतीत दाटून आली आहेत का, म्हणजे वैद्य, पुरोहित आणि मांत्रिक हे तिघेही त्या दोन हातांत एकवटले आहेत का? आणि भावनेचा जोर मूळ जागेवरून सरकून भलत्याच तपशिलावर बसला आहे का, म्हणजे स्त्रीच्या स्थितीने अस्वस्थ झालेले आपण लिहिताना पुरुषाच्या वस्त्राविषयीच लिहीत राहिलो आहोत का? स्वप्नावरील ग्रंथात फ्रॉइड यांनी मनाच्या ज्या दोन मुख्य युक्त्या वर्णिल्या, त्या याच. दृश्यकलेत त्या सहज ओळखू येतात, कारण स्वप्नही मुख्यतः चित्रांतूनच बोलते.

आतापर्यंत जमलेले सारे इतिहासापुढे ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये. या ठिकाणी फ्रॉइड यांचाच एक प्रसिद्ध निबंध इशारा म्हणून उपयोगी पडतो. चित्रकार लिओनार्दो दा विंचीवर १९१० साली लिहिताना, त्याच्या चित्रातील संत अ‍ॅना आणि तिची कन्या, म्हणजे येशूची आई मारिया, जवळजवळ एकाच वयाच्या दिसतात, हे त्यांनी लिओनार्दोला बालपणी लाभलेल्या दोन मातांशी (जन्मदात्री आणि सावत्र) जोडले. मेयर शापिरो या कलेतिहासकाराने १९५६ साली दाखवून दिले की त्या काळी संत अ‍ॅनाची भक्ती जोरात होती आणि तिला तरुण दाखवण्याची रीत लिओनार्दोच्या आधीपासून चालत आली होती. जे संपूर्ण परंपरेचे आहे ते एका माणसाच्या नेणिवेच्या, म्हणजे जाणिवेखालच्या मनाच्या, नावे जमा करता येत नाही. गोव्यातील उदाहरण घ्यायचे तर सांत इस्तेव्ह बेटावर जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी साडी नेसलेली मारिया रंगवली. तिच्यात चित्रकाराची स्वतःची आई शोधण्याआधी, ते शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे शिकले होते, पुण्याच्या ख्रिस्ती आश्रमात राहिले होते आणि ख्रिस्ती विषयांना भारतीय रूप देणे हा त्यांचा जाणीवपूर्वक पत्करलेला मार्ग होता, हे माहीत असावे लागते. एवढे सगळे वजा केल्यावर जे उरते, उदाहरणार्थ तिच्या मिटत्या नजरेतील ठेवण, त्याच्याविषयीच बोलण्याचा आपल्याला हक्क पोहोचतो.

फारियांच्या बाबतीत इतिहास पाहिला की पुतळ्याचा अर्थ एकदम बदलतो, म्हणून इथे अधिक थांबावे. त्यांच्या काळी पॅरिसमध्ये मेस्मर या वैद्याच्या अनुयायांचा बोलबाला होता. उपचारकाच्या हातांतून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि समोरच्याला निद्रा आणतो, असे ते मानत. १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करणाऱ्या फारियांनी ते नाकारले. असा कोणताही द्रव नाही. झोपणाऱ्याची एकाग्रता, त्याची तयारी आणि त्याची कल्पना यांतूनच निद्रा येते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि १८१९ साली, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, निघालेल्या ग्रंथात त्यांनी ते मांडले. समोरच्याला डोळे मिटायला सांगून ते ‘झोपा’ अशी आज्ञा देत. काहींच्या बाबतीत उघडा तळहात पाहायला लावत. आता पुन्हा पुतळ्याकडे पाहावे. सगळी शक्ती हातांतून निघून स्त्रीवर कोसळते आहे असेच तो सांगतो. ज्या समजुतीला फारियांनी ठामपणे विरोध केला, तीच त्यांच्या स्मारकात घट्ट बसलेली आहे. माझ्या मते या शिल्पाविषयी विचारण्याजोगा सर्वांत मोलाचा प्रश्न इथे सापडतो: ही शक्ती त्या हातांत असावी, असे कोणाला वाटते? शिल्पकाराला, १९४५ च्या पणजीला, की आज पुतळ्यासमोर उभ्या असलेल्या आपल्याला?

याच्या शेजारी आणखी एक चित्र ठेवून पाहावे. आंद्रे ब्रुइये यांनी १८८७ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील एक प्रसंग रंगवला: डॉक्टर शार्को विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देत आहेत आणि एक स्त्री बेशुद्धावस्थेत मागे झुकली आहे. १८८५–८६ च्या हिवाळ्यात शार्को यांच्याकडे शिकलेल्या फ्रॉइड यांनी या चित्राची प्रत आपल्या उपचारखोलीत, रुग्णाच्या कोचाच्या वर टांगली होती. उभा पुरुष, कोसळणारी स्त्री आणि पाहणारे लोक, ही मांडणी दोन्हीकडे सारखी आहे. फरक इतकाच की चित्रात प्रेक्षक रंगवलेले आहेत आणि पणजीत ती जागा आपण भरतो. पुढे फ्रॉइड यांनी संमोहन सोडले, आणि उपचारकाच्या अंगी दिसणारी शक्ती रुग्ण स्वतःच्या जुन्या प्रेमातून आणि भयातून त्याला बहाल करतो, असा विचार मांडला. शक्ती झोपणाऱ्याकडेच असते या फारियांच्या म्हणण्याशी त्याचे नाते किती जवळचे आहे, हे पुतळ्यासमोर उभे राहिल्यावर पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट कळते.

कलावंताचे चरित्र शेवटी उघडावे आणि जपून वापरावे. फारियांचे आईवडील विभक्त झाले, वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात गेली. तरीही पुतळ्यातील स्त्री म्हणजे दुरावलेली आई, असे म्हणता येणार नाही, कारण पुतळा फारियांनी घडवलेला नाही. हे उघड असूनही शिल्पाचा विषय आणि शिल्पाचा कर्ता यांची अशी सरमिसळ वारंवार होते. साळगावात १९२४ साली जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या बाबतीत मोह आणखी मोठा आहे: वडील तान्हेपणीच वारले, स्वतःला देवी आल्या, आणि त्या दुखण्यातून उठावे म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केल्यामुळे फ्रान्सिस हे नाव मिळाले. त्यांच्या चित्रांतील बाणांनी विद्ध झालेली माणसे आणि कपाळावर चढलेले डोळे यांच्याशी हे सारे पटकन जुळते, आणि इतके पटकन जुळते म्हणूनच संशय घ्यावा. तेच बालपण लाभलेला दुसरा मुलगा चित्रकार झाला नसता. कलानिर्मितीचे मर्म मनोविश्लेषणाच्या हाती लागत नाही, हे फ्रॉइड यांनी लिओनार्दोवरील त्याच निबंधात स्पष्ट लिहून ठेवले आहे.

कलावंताने फ्रॉइड वाचून मुद्दाम रंगवलेली प्रतीकेही वेगळी काढावी लागतात. स्वप्न आणि नेणीव यांना कलेत आणू पाहणाऱ्या अतिवास्तववाद्यांच्या १९२४ च्या जाहीरनाम्यानंतरच्या चित्रांत, किंवा १९३८ साली लंडनमध्ये फ्रॉइड यांना भेटायला गेलेल्या साल्वादोर दाली या चित्रकाराच्या कामात, स्वप्नासारखे दिसणारे बरेच काही पूर्ण जाणिवेने रचलेले असते. तिथे प्रतीक सोडून रंगाचा थर, रिकामी सोडलेली जागा, कडेला घाईने उरकलेला भाग यांच्याकडे पाहिल्यास अधिक सापडते.

हा सराव चार-पाच जणांनी मिळून करावा. प्रत्येकाने आधी एकट्याने लिहावे आणि मगच बोलावे, नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याची भीती सर्वांची होते. पावसाळ्यात पुतळ्यासमोर उभे राहणे कठीण असते. तेव्हा फोंतेन्हासमधील फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची व्यक्तिचित्रे पाहावीत, किंवा पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये फोन्सेका यांची चित्रे पाहायला मिळतील का, याची आधी चौकशी करावी. प्रत्येक अर्थाला एकच कसोटी लावावी: त्या अर्थामुळे कलाकृतीतील असा एखादा तपशील दिसू लागला का, की जो आधी दिसत नव्हता? दिसू लागला असेल तर अर्थ वहीत ठेवावा. तपशिलाशिवाय नुसताच सिद्धांत सिद्ध होत असेल तर त्यावर रेघ मारावी. हयात कलावंताच्या कामाविषयी लिहायचे असल्यास त्याच्या कुटुंबाविषयीचे तर्क लेखात घेऊ नयेत. चित्रात काय दिसले ते त्याला दाखवावे, आणि त्याने ते नाकारले तर आपल्या वाचनाशेजारी त्याचा नकारही जसाच्या तसा छापावा.