पोटापाण्याचं काम मनासारखं कसं निवडावं

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या घराघरांत तीच पाच-सहा नावं निघतात: सरकारी नोकरी, बोटीवरचं काम, वेर्ण्याची फार्मा कंपनी, हॉटेल, नाहीतर परदेश. त्यातलं एखादं का हवं, हे मात्र फार थोडी मुलं सांगू शकतात. एकाच खात्यातल्या जागेसाठी दोघं अर्ज करतात. एकाला महिन्याच्या पगाराची खात्री हवी असते, दुसऱ्याला वाटत असतं की आपल्या हातून गावासाठी काहीतरी घडावं. दोघांनाही जागा मिळाली तर पहिला सुखात राहील. दुसऱ्याच्या टेबलावर नुसत्या फायली पुढे सरकवायचं काम आलं, तर तो दोन वर्षांत कोमेजून जाईल. म्हणून नोकरीचं नाव ठरवण्याआधी तिच्यामागचं कारण शोधायचं.

पहिली पायरी: कुणी न सांगता राबलात ते प्रसंग लिहा

‘मला काय आवडतं?’ हा प्रश्न स्वतःला विचारू नका. त्याला आपण नेहमी शोभेलसंच उत्तर देतो. त्यापेक्षा मागच्या चार-पाच वर्षांतले असे आठ-दहा प्रसंग लिहून काढा, ज्यांत पैसा नव्हता, सक्ती नव्हती, तरी तुम्ही तहानभूक विसरून काम केलंत. गावच्या जत्रेतलं नाटक, शिगम्याचा चित्ररथ, शेजारच्या मुलाला शिकवलेलं गणित, मामाच्या कुळागरात बसवलेला पंप, काहीही चालेल.

मग प्रत्येक प्रसंगाला खोदून विचारा, की यातली नेमकी कुठली गोष्ट मला ओढत होती? इथे घाई करू नका, कारण सगळ्या कामाचं सार याच प्रश्नात आहे. चवथीची माटोळी घ्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट. पाच जण मिळून ती बांधतात, पण पाचही जणांचं मन वेगवेगळ्या ठिकाणी गुंतलेलं असतं. एकाला रानात शिरून माटोळीला लागणारी कांगलां, घागऱ्यो असं रानातलं सामान कुठे मिळतं ते शोधण्यात गोडी असते, झाडापेडाची नावं त्याला पाठ असतात. दुसरीला रंग आणि आकार कसे मांडावेत याचा ध्यास असतो. तिसरा माणसं जमवतो, कामं वाटून देतो. चौथ्याला चौकट वजन पेलेल ना, याचीच काळजी. पाचव्याला सगळे एकत्र जमतात यातच आनंद. आता पहिल्याला शेतकी किंवा वनस्पतिशास्त्राकडे जाता येईल, दुसरीला डिझाइनकडे, तिसऱ्याला व्यवस्थापनाकडे, चौथ्याला बांधकाम किंवा यंत्रांकडे. पाचव्याने माणसांत राहायला मिळेल असं कुठलंही काम घ्यावं, एकट्याने संगणकासमोर बसायचं तेवढं टाळावं.

सगळे प्रसंग असे उलगडले की एक-दोन कारणं पुन्हा पुन्हा वर येतात. ती अधोरेखित करा.

दुसरी पायरी: न मिळाल्यास सलणारं आणि मिळाल्यावर फुलवणारं, वेगळं करा

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1959 साली इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींच्या मुलाखतींवरून एक मांडणी केली. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी वाईट असल्या की माणूस त्रासतो, पण त्या चांगल्या असल्या म्हणून कामात गोडी येते असं नाही. गोडी येते ती काम तडीस नेल्याने, त्याची दखल घेतली गेल्याने, जबाबदारी मिळाल्याने आणि खुद्द त्या कामामुळे. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. तरीही निवड करताना कागदावर दोन रकाने आखायला ती फार उपयोगी पडते असं मला वाटतं.

पहिल्या रकान्यात घरखर्च, कर्जाचा हप्ता, आई-बाबांचं औषधपाणी यांसाठी लागणारा किमान आकडा लिहा. तो लिहिताना लाजू नका, पैसा हवा असण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या रकान्यात अधोरेखित केलेली कारणं येतील. पहिला रकाना भागला की निवड दुसऱ्याच्या आधारे करायची.

सांखवाळचे धर्मानंद कोसंबी आठवा. नारळाची बागायत आणि संसार सांभाळणारा हा माणूस बौद्ध धर्म जाणून घेण्याच्या ओढीने घराबाहेर पडला आणि पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेत पोचला. पुढे कलकत्त्यात पाली शिकवायची चांगल्या पगाराची नोकरी हातात होती. ती सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचं महिना 50 रुपयांचं साहाय्य पत्करलं, कारण जे मिळवलं ते त्यांना आपल्या मराठी माणसांपर्यंत पोचवायचं होतं. त्यांच्या घरच्यांनी त्यासाठी बरंच सोसलं, हेही विसरू नये.

तिसरी पायरी: ‘खात्री’ कशावर उभी आहे ते पाहा

स्थैर्य हवं असणं ही अगदी रास्त प्रेरणा आहे. पण ते कशाच्या आधारावर मिळतं आहे, ते तपासा. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत खाणीचं काम एकेकाळी सगळ्यांत पक्कं मानलं जाई. 2012 साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्यावर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. एका मालकाच्या किंवा एका धंद्याच्या भरवशापेक्षा चार ठिकाणी चालेल असं हातातलं कसब जास्त टिकतं. वेल्डर, नर्स, इलेक्ट्रिशियन, हिशेबनीस यांना एक दार बंद झालं तरी दुसरं ठोठावता येतं.

चौथी पायरी: कामाचा साधा दिवस विचारून घ्या

ज्या कामाचा विचार चालू आहे, ते करणाऱ्या दोघा-तिघांना भेटा. ‘कसं आहे?’ असं विचाराल तर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर मिळेल. काल सकाळी आल्यापासून काय काय केलंत? दिवसातला किती वेळ माणसांशी, किती यंत्राशी, किती कागदांशी जातो? सगळ्यांत कंटाळवाणं काय? चवथीला घरी होतात का? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण कुटुंबात असणं हीच ज्याची मोठी ओढ आहे, त्याने तो विचारलाच पाहिजे. बोटीवरचे करार कित्येक महिन्यांचे असतात. हॉटेलात सगळं जग सुट्टीवर असतं तेव्हाच कामाची खरी झुंबड उडते.

पाचवी पायरी: थोडं करून पाहा

पदवीला प्रवेश घेण्याआधी किंवा नोकरी सोडण्याआधी काही आठवडे त्या कामाच्या जवळ जा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली विद्यावेतन घेऊन काम शिकता येतं, आयटीआयमध्ये चौकशी करा. ते जमत नसेल तर सुट्टीत ओळखीच्यांच्या वर्कशॉपमध्ये, नर्सरीत, क्लासमध्ये हात द्या. रोज संध्याकाळी दोनच ओळी लिहायच्या: आज वेळ कधी भरकन गेला आणि कधी रेंगाळला.

आधीच नोकरीत असाल तर

राजीनामा हा शेवटचा उपाय. एमी रेझेस्नेव्स्की आणि जेन डटन यांनी 2001 साली एक अभ्यासलेख लिहिला. त्यात रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण आहे. काही जण नेमून दिलेलं तेवढंच करत. काही जण रुग्णांशी, नातेवाइकांशी बोलत, आपण बरं करणाऱ्यांपैकीच एक आहोत असं मानत, आणि त्यांना तेच काम अर्थपूर्ण वाटे. शिकवायची ओढ असेल तर नव्या भरतीला तयार करायची जबाबदारी मागून घ्या. सहा महिने असं करूनही काहीच हलत नसेल, तर मग बाहेर बघा.

घरी कसं सांगावं

‘मला हे आवडतं’ एवढ्यावर बाबा ऐकणार नाहीत आणि त्यांची काळजी खोटी नाही. वही त्यांच्यापुढे ठेवा. किमान आकडा किती, तो या कामातून केव्हा मिळू लागेल, कुणाकुणाला भेटलात, करून पाहिलं तेव्हा काय कळलं, हे सांगा. सोबत मुदत द्या: ‘मला दीड वर्ष द्या. तोवर कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात आली तर तीही परीक्षा देईन.’ आणि ती जाहिरात आल्यावर खरोखरच अर्ज भरा, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर घरात विश्वास राहील.