शाळेतून ‘थोर व्यक्तीची माहिती’ आली की मुलांना नेटवर शोधायला कसं शिकवायचं

शाळेतून "एका थोर व्यक्तीची माहिती लिहून आणा" असं आलं की बहुतेक घरांत तेच होतं, रात्री जेवणं झाल्यावर आईचा मोबाईल मागायचा, नाव टाकायचं, जी पहिली साइट येईल ती वहीत उतरवायची आणि वर एक फोटो चिकटवायचा, झाला प्रोजेक्ट. मुलाने त्यातलं काही वाचलेलं नसतं. यात मुलांची चूक नाही, विषयच इतका मोठा दिलेला असतो की ती तरी काय करणार.

म्हणून पहिलं काम म्हणजे फोन बाजूला ठेवून प्रश्न ठरवायचे. मी उदाहरणाला डॉ. आनंदीबाई जोशी घेते, कारण हा विषय दरवर्षी कुणाला ना कुणाला येतोच आणि त्यांच्याबद्दल नेटवर खरं आणि ऐकीव सगळं एकत्र पडलंय. "जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू" असे चार मथळे पाडले की मूल कंटाळतं. त्यापेक्षा विचारा, त्या काळात डॉक्टर व्हायला एवढ्या लांब अमेरिकेला पाठवायला घरचे तयार कसे झाले? बोटीचे पैसे कुठून आले? तिकडे राहिल्या कुणाकडे? गंमत म्हणजे असे प्रश्न लोकांनी आनंदीबाईंना तेव्हाच विचारले होते. १८८३ मध्ये निघायच्या आधी बंगालमध्ये श्रीरामपूरला त्यांनी इंग्रजीत भाषण केलं, त्यात ते प्रश्न एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली, अमेरिकेलाच का, इथे शिकायची सोय नाही का, एकटीच का जातेस, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय. मुलाला तेच प्रश्न द्या आणि उत्तरं शोधायला सांगा, प्रोजेक्ट तिथेच अर्धा झाला.

आता शोधायचं कुठे. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, नोंद आटोपशीर असते आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, सुरुवात तिथून करा. विकिपीडियाला शाळेत उगाच नावं ठेवतात, मी तर म्हणते जरूर बघा पण वरचा मजकूर उतरवण्यापेक्षा पानाच्या तळाशी जे संदर्भ दिलेत तिकडे जा, खरा माल तिथे असतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पानं उघडा, दोन्हीकडे तेच लिहिलेलं असेल असं नाही, आणि जिथे फरक दिसेल ते मुलालाच शोधून काढू द्या. त्यानंतर इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे जुनी पुस्तकं स्कॅन करून फुकट वाचायला ठेवलेली साइट. कॅरोलिन डाल नावाच्या अमेरिकन लेखिकेने आनंदीबाईंचं चरित्र १८८८ मध्ये, म्हणजे त्या गेल्याच्या पुढच्याच वर्षी छापलं, ते तिथे पूर्ण स्कॅन केलेलं आहे आणि पुस्तकाच्या आत शब्द टाकून शोधताही येतं. इंग्रजी जुनं आहे, सहावीच्या मुलाला झेपणार नाही, तेव्हा एखादं पान तुम्ही वाचा आणि गोष्ट सांगितल्यासारखं सांगा.

सर्च करताना स्पेलिंगची एक भानगड लक्षात ठेवा. त्या वेळच्या इंग्रजी कागदांत जोशी हे आडनाव शेवटी आय नाही तर डबल ई लावून लिहिलेलं असतं, आणि डालबाईंच्या पुस्तकाच्या नावात तर आनंदीबाईच्या जागी आनंदाबाई आहे. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर नव्याच साइट जास्त येतात, जुनं स्पेलिंग टाकलं की जुने कागद वर येतात. जुन्या काळातल्या कुणाचंही शोधताना दोन-तीन स्पेलिंग टाकून बघायची सवय लावा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कादंबरी आणि सिनेमामुळे. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आहे, २०१९ चा सिनेमाही आहे, दोन्ही मुलांना जरूर दाखवा-वाचायला द्या, पण त्यातले नवरा-बायकोचे संवाद म्हणजे पुरावा नाही, ते लेखकाने लिहिलेत, आणि कितीतरी साइट तसलेच प्रसंग घडलेले म्हणून छापतात. मुलाला एवढं विचारलं तरी पुरतं की हे बोलणं ऐकायला तिथे कोण होतं?

तारखांसाठी साधी वजाबाकी करायला लावा. जन्म ३१ मार्च १८६५, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी ११ मार्च १८८६, मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७. म्हणजे डॉक्टर झाल्या तेव्हा एकविसावं चालू होतं आणि गेल्या तेव्हा बाविसावं, बावीस पूर्ण झालीच नाहीत. कुठल्या साइटवर "१९ व्या वर्षी डॉक्टर" असं दिसलं तर मूल स्वतःच म्हणेल की हे जमत नाही. ज्या साइटची वजाबाकी चुकते तिथली बाकीची माहितीही जरा जपूनच घ्यायची.

"पहिली" हा शब्द दिसला की थांबायचं, पहिली म्हणजे नक्की कशात? १८८६ मध्येच कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि पुढे प्रॅक्टिसही केली. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूक झाली होती, पण तब्येतीने साथ दिली नाही. तेव्हा "अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेली पहिली भारतीय स्त्री" असं नीट पूर्ण लिहा आणि कादंबिनींना एक ओळ द्या, मुलीला वर्गात सांगायला काहीतरी वेगळंही मिळतं.

फोटो उचलताना मात्र सावध, हल्ली एआयने रंगवलेले गुळगुळीत चेहरे सगळीकडे फिरतायत. विकिमीडिया कॉमन्सवर १८८५ चा एक खरा फोटो आहे, त्यात आनंदीबाईंबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशी पोशाखात, तिघीही त्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. तो लावा. बाकी कुठल्याही फोटोवर शंका आली तर गूगल लेन्समध्ये टाकून आधी कुठे कुठे आलाय ते बघा.

चॅटजीपीटीला मुलं विचारणारच, नाही म्हणून उपयोग नाही. प्रश्न सुचवायला, अवघड इंग्रजी उतारा सोपा करून घ्यायला वापरा, पण त्याने दिलेली तारीख आणि अवतरणचिन्हातलं वाक्य दुसरीकडे सापडल्याशिवाय वहीत जाऊ द्यायचं नाही. व्हॉट्सॲपवरच्या सुविचारांनाही हाच नियम.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर मुलाच्याच अक्षरात लिहायचं, काय कुठून घेतलं, साइटचं नाव, कुणी लिहिलंय, कधी बघितलं. लिंक उतरवत बसायला लावू नका, एवढी लांब लिंक हाताने कोण लिहिणार, नाव पुरे. जो प्रश्न सुटला नाही तोही तसाच लिहू द्या, "हे सापडलं नाही" म्हणून, त्याचे कुणी मार्क कापत असेल तर पालक सभेत विचारा की का कापले.