बोगोटाला जाताय? आधी डोंगर बघा, मग पपई सांभाळा

कोलंबियाची राजधानी म्हटलं की आपल्याकडे लोकांना दोनच गोष्टी आठवतात, ड्रग्जच्या सिरीयल आणि कॉफी. मी जाणार म्हटल्यावर मावशीने फोन करून विचारलं की अरे दुसरं कुठलं शहर नाही का जगात. पण खरं सांगायचं तर नीट दोन-तीन गोष्टी समजून घेतल्या तर बोगोटा आपल्या माणसाला फार पटकन जमतं, काही बाबतीत युरोपपेक्षा जास्त घरचं वाटतं. तर ज्यांचं जायचं ठरतंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

आधी कागदपत्रं उरकून टाकू. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, पण तुमच्याकडे अमेरिकेचा किंवा शेंगेनचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत १८० दिवसांपेक्षा जास्त उरली असेल तर त्याच्यावरच जाता येतं, तरी तिकीट काढायच्या आधी त्यांच्या सरकारी साईटवर ताजा नियम बघाच. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात ती म्हणजे यलो फीवरची लस. ही जाताना नाही, परत येताना भारतात विचारतात, कारण कोलंबिया आपल्या यलो फीवरवाल्या देशांच्या यादीत आहे, आणि सर्टिफिकेट नसेल तर क्वारंटाईनमध्ये बसवू शकतात. निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि ते पिवळं पुस्तक पासपोर्टलाच लावून ठेवा. डायरेक्ट विमान नाहीये, युरोप किंवा अमेरिकेतून बदलून जावं लागतं, आणि पोचल्यावर घड्याळ साडेदहा तास मागे.

आता उंची. बोगोटा २,६४० मीटरवर आहे. म्हणजे आपलं कळसूबाई १,६४६, त्याच्या डोक्यावर अजून एक हजार मीटर चढून गेलात की बोगोटाच्या रस्त्यावर पोचलात, आणि तिथे ही ऐंशी लाखाच्या आसपास वस्तीची राजधानी पसरलीये. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं, झोप तुकड्यातुकड्यात लागते. घाबरू नका, पाणी भरपूर प्या (नळाचं पाणी प्यायलं तरी चालतं, हे दक्षिण अमेरिकेत सगळीकडे नाही), दारू पहिले दोन दिवस नको, आणि पोचल्या दिवशी मोन्सेराते डोंगरावर जायचा उत्साह दाखवू नका.

हवा म्हणजे वर्षभर महाबळेश्वरची डिसेंबरमधली संध्याकाळ. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे उन्हाळा-हिवाळा असं काही नाही, बारा महिने सहाला उजाडतं आणि सहाला अंधार. पण एका दिवसात सगळे ऋतू होतात, सकाळी थंडी, अकराला चटका देणारं ऊन, तीनला धो धो पाऊस, आणि रात्री घरात हीटर नाही म्हणून अंगावर तीन ब्लँकेट. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर जास्त पावसाचे, डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात कोरडं. जाकीट, छत्री आणि सनस्क्रीन तिन्ही एकाच बॅगेत ठेवायचं, रोज.

आता मुद्द्याचं, डोंगर. शहराच्या एका बाजूला डोंगरांची सलग भिंत आहे आणि ती पूर्वेला आहे. एवढं डोक्यात ठेवलं की गूगल मॅप बंद पडला तरी तुम्ही हरवत नाही. रस्त्यांना नावं कमी, नंबर जास्त. डोंगराला समांतर उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते म्हणजे करेरा, त्यांचे नंबर डोंगरापासून लांब जाल तसे वाढतात. डोंगराकडे तोंड करून सरळ जाणारे आडवे रस्ते म्हणजे काये, त्यांचे नंबर उत्तरेला वाढतात. पत्ता लिहितात असा: काये ११, नंबर ४-४१. याचा अर्थ तुम्ही काये ११ वर आहात, करेरा ४ चा कोपरा धरा, आणि तिथून डोंगराकडे पाठ करून साधारण ४१ मीटर चाला. झालं, पोचलात, हा बोतेरो म्युझियमचा पत्ता आहे. आपल्याकडे मारुतीच्या देवळामागे, पानाच्या टपरीसमोर, वरचा मजला असले पत्ते शोधत मोठं झालेल्या माणसाला हे बघून रडू येईल इतकं सोपं.

फक्त एक फास आहे, 'सूर'. म्हणजे दक्षिण. काये १ च्या खाली परत काये १ सूर, २ सूर असे नंबर सुरू होतात. मी पहिल्या आठवड्यात पत्त्यातला तो शेवटचा 'सूर' टाईपच केला नाही, आणि ज्या कायेला जायचं होतं त्याच नंबरच्या पण शहराच्या भलत्याच टोकाच्या कायेला जाऊन उभा राहिलो, टॅक्सीवाला बिचारा परत परत पत्ता वाचून दाखवतोय आणि मी बरोबर बरोबर म्हणतोय. दुसरा अपवाद म्हणजे आवेनिदा हिमेनेस, हा रस्ता मध्येच नागमोडी जातो, कारण त्याच्याखाली नदी बुजवलीये आणि रस्ता तिच्याच वळणाने जातो.

आता पपई. बोगोटात उतरल्यापासून चार लोकं तुम्हाला सांगतील, 'नो दार पापाया', म्हणजे पपई देऊ नका. अर्थ असा की चोराला आयती संधी देऊ नका. याची पुढची ओळ पण आहे, ठेवलेली पपई म्हणजे कापलेली पपई. फोन हातात धरून रस्त्यात उभं राहणं ही पपई. हॉटेलातल्या टेबलावर फोन ठेवणं ही पपई. पाठीवर सॅक लावून गर्दीच्या बसमध्ये चढणं ही तर सोलून चिरून दिलेली पपई. मॅप बघायचा असेल तर दुकानात शिरा, बघा, खिशात टाका, मग बाहेर या. पैसे मॉलच्या आतल्या एटीएममधून काढा. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून नको, अॅपवरून बोलवा, रात्री तर नक्कीच. अनोळखी माणसाने दिलेलं पेय, सिगारेट, चॉकलेट काही घ्यायचं नाही, गुंगीचं औषध देऊन लुटायचे प्रकार तिथे खरंच होतात. आणि चुकून कोणी अडवलंच तर फोन देऊन टाका, हिरोगिरी नको. इमर्जन्सी नंबर १२३. मुंबईच्या लोकलमध्ये सॅक पुढे घेऊन चढायची सवय असलेल्यांना यातलं अर्धं शिकवायला लागत नाही.

फिरायला ट्रान्समिलेनियो आहे, लाल लांबलचक बस, मधोमध स्वतःची लेन, स्टेशनावर चढायचं-उतरायचं. पुण्यात बीआरटी आली तेव्हा ज्या बोगोटाचं नाव सारखं कानावर पडायचं ते हेच. तिथे ती डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि खरोखर चालते, पण सकाळी-संध्याकाळी गर्दी अशी की आपण दादर स्टेशनातच आलो असं वाटतं. तुयावे नावाचं कार्ड घ्यायचं, रिचार्ज करायचं, बस. मेट्रोचं काम अजून चालू आहे त्यामुळे ट्रॅफिकला तोड नाही, पाच किलोमीटरला एक तास पण लागू शकतो.

पैशांचा घोळ पहिल्या दिवशी सगळ्यांचा होतो. पेसोच्या नोटा हजारात, आणि तिथे हजाराला स्वल्पविराम नाही तर टिंब लावतात, त्यामुळे १५.००० म्हणजे पंधरा हजार, पंधरा नव्हे. नवीन नोटांवर तर '५० मिल' असंच छापलंय, मिल म्हणजे हजार. सगळ्यात मोठी नोट एक लाखाची, ती टपरीवर कोणी घेत नाही, सुटे ठेवा. पन्नास हजाराच्या नोटेवर गार्सिया मार्केस आहेत, लेखकाला नोटेवर बसवणारा देश मला तरी आवडला.

बघायचं काय? सुरुवात ला कान्देलारियापासून, म्हणजे जुनं गाव. शहर १५३८ साली वसवलं ते इथे. प्लासा दे बोलिव्हार हा मोठा चौक, एका कोपऱ्यात छोटंसं म्युझियम आहे ते 'फुलदाणीचं घर'. २० जुलै १८१० ला काही स्थानिक लोक एका स्पॅनिश व्यापाऱ्याकडे फुलदाणी उसनी मागायला गेले, तो नाही म्हणाला (आणि म्हणेलच याची मागणाऱ्यांना खात्री होती, सगळं ठरवूनच होतं), बाजाराचा दिवस, भांडण पेटलं आणि स्वातंत्र्याची चळवळ सुरू झाली. आपल्याकडे शेजारणीने विरजण दिलं नाही म्हणून जास्तीत जास्त अबोला धरतात.

तिथून काये ११ ने डोंगराकडे वर चढायचं. वाटेत ला पुएर्ता फाल्सा नावाचं टीचभर दुकान लागतं, १८१६ पासूनचं. तिथे चोकोलाते मागवा. मोठा कप गरम चॉकलेट, शेजारी पांढऱ्या चीजचा तुकडा आणि ब्रेड. आता हे चीज खायचं नाही, तुकडे करून कपात टाकायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि चमच्याने खालून ओढायचं, लांब तार निघते, गोड-खारट. लिहिताना विचित्र वाटतंय पण त्या थंडीत एकदा घेतलंत की दुसऱ्या दिवशी परत जाल. आणखी दोन चौक वर गेलं की बोतेरो म्युझियम. हा बोतेरो म्हणजे तिथला चित्रकार, सगळं गुबगुबीत काढायचा, माणसं, घोडे, संत्री, मोनालिसासुद्धा. त्याने स्वतःची १२३ आणि पिकासो, मोने वगैरे इतरांची ८५ अशी चित्रं-शिल्पं देऊन टाकली, अट ही की प्रवेश फुकट हवा. मंगळवारी बंद.

पण वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि सोन्याच्या म्युझियमला जा, करेरा ६, नंबर १५-८८, आता कुठे ते तुम्हाला कळायला पाहिजे. सोन्याचे ३४ हजाराच्या आसपास नग. सोनं बघायला आपल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण इथे वजन-मजुरीचं गणित डोक्यातून जातं. ती मुइस्का या तिथल्या मूळ लोकांची होडी शोधा, जेमतेम १९-२० सेंटिमीटरची, सोन्याच्या तारेसारखं नाजूक काम, मध्ये मोठा राजा, आजूबाजूला छोटी छोटी माणसं. १९६९ साली एका गुहेत सापडली. राजा अंगाला सोनं फासून तळ्यात सोनं अर्पण करायचा, ती एल दोरादोची गोष्ट, ज्याच्या पायी स्पॅनिश लोक वेडे झाले, ती अख्खी या तळहाताएवढ्या वस्तूत आहे. मी तिच्यासमोर अर्धा तास होतो. सोमवारी बंद, रविवारी फुकट आणि म्हणून तुडुंब.

मोन्सेराते हा वरचा पांढरा देवळाचा डोंगर, ३,१५२ मीटर. रोपवे आहे, रुळावरची फ्युनिक्युलर आहे, पायऱ्या पण आहेत. रविवारी लोक नवस फेडायला चढतात, जेजुरीची आठवण येते. पायी जायचं तर सकाळी गर्दीतच. रविवारचं दुसरं आकर्षण सिक्लोव्हिया, सात ते दोन शहरातले १२० किलोमीटरपेक्षा जास्त रस्ते गाड्यांना बंद आणि सायकल, स्केट, कुत्री, आज्या सगळे रस्त्यावर. १९७४ पासून चालू आहे. सायकल भाड्याने घ्या आणि करेरा ७ पकडा. एक दिवस जास्त असेल तर सिपाकिराला जा, मिठाच्या खाणीत १८० मीटर खाली चर्च कोरलंय. भिंत चाटून बघायचा मोह सगळ्यांना होतो, मी पण बघितली, खारट आहे.

खाण्याचं शाकाहारी मंडळींसाठी. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको असं सांगितलं तर ते चिकन देतात, कारण त्यांच्या हिशोबात कार्ने म्हणजे गोमांस-डुक्कर वगैरे, कोंबडी वेगळी. मला आहियाकोचं सूप असंच आलं, वरून अॅव्होकॅडो, आतून कोंबडीचा पाय. म्हणून 'नि कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो' असं पूर्ण पाठ करा, आणि सुपाचं पाणी कशाचं आहे तेही विचारा. खाणाऱ्यांनी मात्र आहियाको सोडू नका, तीन जातींचे बटाटे आणि गुआस्कास नावाचा पाला, त्यातला एक बटाटा विरघळून सूप दाट करतो. बाकी भात, राजमा, अंडी, तळलेली कच्ची केळी, मक्याच्या आरेपा यावर आरामात निघतं. आणि पानेला! पानेला म्हणजे आपला गूळ, शब्दशः गूळ. आपल्या खालोखाल जगात सगळ्यात जास्त गूळ तेच करतात. आग्वापानेला म्हणजे गरम गुळाचं पाणी, सर्दी झाली की प्रत्येक बोगोटाकर तेच सांगणार. पालोकेमाओ मंडईत सकाळी जा, टिपाऱ्या, पॅशनफ्रूट, लुलो, पेरूची वडी, बाया चव घ्यायला देतात.

भाषा स्पॅनिशच, इंग्रजी फारसं नाही. पण बोलायची पद्धत ओळखीची आहे. तिथे मित्रांना, मुलांना, नवराबायकोला पण बरेचदा 'उस्तेद' म्हणजे तुम्ही म्हणतात, आणि जवळच्याला आदराने 'सुमेर्से'. दुकानदाराला 'वेसी' म्हणायचं, म्हणजे शेजारी, आपण भाऊ-काका म्हणतो तसंच. कॉफी हवी तर 'मे रेगाला उन तिंतो', शब्दशः मला एक तिंतो भेट देता का, पैसे अर्थात द्यायचेच. तिंतो म्हणजे बिनदुधाची पातळ कॉफी. चांगली कॉफी निर्यात व्हायची आणि उरलेली घरी प्यायचे, आता मात्र चांगले कॅफे भरपूर झालेत.

चहाचं मात्र तिथे अवघड आहे, तो आपला आपण न्या. फ्लॅट घेऊन राहणार असाल तर लक्षात ठेवा की एवढ्या उंचीवर पाणी एक्याण्णव-ब्याण्णव डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे चहा जरा जास्त वेळ उकळावा लागतो आणि डाळ उघड्या पातेल्यात शिजतच नाही. मालकिणीला 'ओया पितादोरा' आहे का विचारा. पितादोरा म्हणजे शिट्टी मारणारी. त्यांच्याकडे राजमा त्यातच लावतात, आपल्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त घ्यायच्या.