आयनातले इलेक्ट्रॉन कसे मोजावेत

पुण्यात सोसायटीच्या बोअरचं पाणी तपासायला दिलं की अहवालात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट ही नावं हमखास येतात. खालचा खडक बेसॉल्टचा. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतं, मग गिझरच्या कॉइलवर क्षार साचतात. हे सगळे आयनच, म्हणजे प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट. सरावाला हीच यादी घ्या. जोडीला आवर्तसारणीचा तक्ता हवा, तो अप्पा बळवंत चौकात सहज मिळतो.

१. अणुअंक शोधा. अणुअंक म्हणजे प्रोटॉनांची संख्या; प्रभार नसलेल्या अणूत इलेक्ट्रॉनही तेवढेच असतात. कॅल्शियमच्या चौकटीत २० आणि ४०.०८ असे दोन आकडे दिसतील. घ्यायचा २०. दुसरं अणुवस्तुमान, त्याचं इथे काम नाही. काही तक्त्यांत ते नुसतं ४० छापतात आणि घोटाळा होतो. अशा वेळी लहान आकडा धरा.

२. अणुअंकातून प्रभार चिन्हासकट वजा करा. कॅल्शियमचा प्रभार २+, म्हणून २० − २ = १८. क्लोराइडचा १−, म्हणून १७ + १ = १८.

सर्वांत जास्त मार्क इथेच जातात. अधिक चिन्ह दिसलं की हात आपोआप बेरीज करतो आणि कॅल्शियमचे २२ होतात. इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित असतो. तो गेला तरच आयन धन होतो. प्रोटॉन जागचे हलत नाहीत.

३. संमिश्र मूलक (एकाहून जास्त अणूंचा आयन) असेल तर आधी सगळ्या अणूंचे अणुअंक मिळवा, प्रभार शेवटी आणि एकदाच. सल्फेटमध्ये एक सल्फर, चार ऑक्सिजन: १६ + (४ × ८) = ४८. प्रभार २−, म्हणजे ५०. तो प्रभार अख्ख्या मूलकाचा आहे, प्रत्येक ऑक्सिजनमागे दोन धरले तर उत्तर ५६ येतं. बायकार्बोनेट (एक हायड्रोजन, एक कार्बन, तीन ऑक्सिजन, प्रभार १−) स्वतः करून पाहा. ३२ यायला हवेत.

पडताळा घ्यायचा तर कॅल्शियम आणि क्लोराइडचे १८ अरगॉन या निष्क्रिय वायूशी जुळतात, मॅग्नेशियमचे १० निऑन या दुसऱ्या निष्क्रिय वायूशी. लोहाला मात्र ही युक्ती लावू नका. लोहाचा अणुअंक २६, पण आयन दोन तऱ्हेचे, त्यामुळे प्रभार दिल्याशिवाय उत्तर काढताच येत नाही. लोह असलेलं बोअरचं पाणी उपसताना नितळ दिसतं आणि बादलीत राहिलं की तांबूस होतं, तेव्हा हवेतल्या ऑक्सिजनमुळे २+ चं ३+ झालेलं असतं: २४ इलेक्ट्रॉनांचे २३.