कंटेनरातल्या खात्यांचे आकडे: नवोदितांसाठी एक अनुभव

नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले असताना माझ्याकडे एक वरवर किरकोळ वाटणारे काम आले. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणाऱ्या एका संकेतस्थळाची, डेबियन या लिनक्स प्रणालीवर बेतलेली डॉकर इमेज (म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा तयार साचा) काढून तिच्या जागी आकाराने लहान असलेली, अल्पाइन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची इमेज लावायची होती. इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या डॉकरफाइलीतली पहिली ओळ बदलली, कंटेनर, म्हणजे इमेजवरून चालणारी वेगळी चौकट, सुरू केला, मुखपृष्ठ उघडलेले पाहिले आणि काम झाल्याचे कळवून मी जेवायला गेलो. परत आलो तेव्हा एकाही ग्राहकाला छायाचित्र अपलोड करता येत नव्हते. कंटेनरात शिरून यादी पाहिली, तर ज्या फाइलींपुढे काल ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ हे मालकाचे नाव दिसत होते, त्यांच्यापुढे आता ‘एक्सएफएस’ असे लिहिलेले होते. हे नाव आमच्यापैकी कोणीच कधी ऐकलेले नव्हते, त्यामुळे सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसले असावे या संशयात आमचा तासभर गेला.

प्रत्यक्षात कोणी घुसले नव्हते. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, वापरकर्त्याचे नाव ठाऊकच नसते; फाइलीसोबत साठवला जातो तो केवळ एक आकडा, म्हणजे यूआयडी, आणि त्याचे नाव दाखवण्यासाठी त्या त्या इमेजमधली पासवर्ड फाइल, म्हणजे खात्यांची यादी, चाळली जाते. वेब सर्व्हरच्या त्या खात्याचा आकडा डेबियनमध्ये ३३ आणि अल्पाइनवरच्या पीएचपी इमेजमध्ये ८२ असतो, तर त्या वेळच्या अल्पाइनमध्ये ३३ हा आकडा एका जुन्या फॉन्ट सर्व्हरच्या खात्याला दिलेला होता. जुन्या फाइली ३३च्या मालकीच्या, नवा प्रोग्रॅम ८२ म्हणून चाललेला. घर तेच होते, फक्त दारावरची पाटी बदलली होती. फाइलींची मालकी ८२कडे वळवली आणि अपलोड सुरू झाले.

तेव्हापासून कोणतीही नवी इमेज हाती आली, की मी आधी तिची पासवर्ड फाइल वाचतो. तिच्या प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी वेगळे केलेले सात रकाने असतात, त्यांतला तिसरा वापरकर्त्याचा आकडा आणि चौथा गटाचा. उबुंटू २४.०४ या लिनक्स प्रणालीच्या इमेजमध्ये ‘उबुंटू’ नावाचे खाते १००० हा आकडा आधीच अडवून बसलेले असते, त्यामुळे वर्षानुवर्षे चालत आलेली डॉकरफाइल तिथे अचानक आकडा आधीच वापरात असल्याची तक्रार करते. फाइल वाचलेली असेल, तर यावर डोके खाजवत बसावे लागत नाही.

याच्या उलट प्रसंग म्हणजे आकडा आहे, पण त्याची नोंदच नाही. कंटेनर आपल्या खात्याच्या आकड्याने चालवला आणि तो आकडा पासवर्ड फाइलीत नसला, की आज्ञा स्वीकारणारा बॅश हा प्रोग्रॅम ‘आय हॅव नो नेम!’ असे म्हणत उभा राहतो. ते गमतीचे वाटले तरी दुसऱ्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारा एसएसएच अशा स्थितीत चालण्यासच नकार देतो, आणि डॉकर होम डिरेक्टरी (खात्याचे स्वतःचे फोल्डर) म्हणून थेट मुळाकडे, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरकडे, बोट दाखवत असल्याने तिथे कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, लिहू पाहणारे प्रोग्रॅम परवानगीअभावी कोसळतात. आकडा आधी ठाऊक असेल, तर इमेज बांधतानाच खाते तयार करावे. ओपनशिफ्टसारख्या कंटेनर चालवणाऱ्या व्यासपीठावर तो आधी कळत नाही, पण गट मात्र शून्यच असतो. म्हणून मालकाला असलेल्या परवानग्या शून्य गटालाही द्याव्यात. मी एकदा याच कारणासाठी पासवर्ड फाइलच गटाला लिहिण्याजोगी करून ठेवली होती. त्या गटातला कोणताही प्रोग्रॅम तिच्यात शून्य आकड्याचे, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या रूटचे, खाते घुसडू शकतो, हे वरिष्ठांनी दाखवल्यावर मला घाम फुटला.

डॉकरफाइलीत वापरकर्ता सांगताना नावाऐवजी आकडा लिहावा, हे मी कुबरनेटीस या अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीकडून शिकलो. रूट म्हणून चालू नये अशी अट घातलेली असताना इमेजमध्ये नुसते नाव असेल, तर ते नाव रूटचे नाही याची खात्री त्याला करता येत नाही आणि कंटेनर सुरूच होत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो रूटविना चालणाऱ्या पॉडमनमध्ये, म्हणजे डॉकरसारख्याच कंटेनर चालवणाऱ्या दुसऱ्या साधनात. आपल्या खात्याला १००००० पासून ६५५३६ आकडे दिलेले असले, तर कंटेनरातला १००० बाहेर १०१००० दिसेल असे वाटते, पण दिसतो तो १००९९९. कारण कंटेनरातला शून्य म्हणजे बाहेरचे आपण स्वतः असतो, आणि वाटून दिलेल्या आकड्यांची मोजणी आतल्या १पासून सुरू होते. डॉकरमध्ये आकडे वळवण्याची सोय चालू केली, तर शून्यच १००००० होतो आणि तिथे मात्र १०१००० बरोबर ठरतो. हा एकाचा फरक मी अजूनही दर वेळी कागदावर मांडून पाहतो.